घैसास काका आणि मापात मारणारं घड्याळ

घैसास काकांना कोणी पेढे दिले, तर ते आधी पेढे ताटलीत काढून ठेवतात आणि रिकामा खोका तोलतात. देणारा माणूस समोरच उभा असतो. त्याची मुलगी नुकतीच पास झालेली असते. काका वजन वाचतात, मान हलवतात आणि म्हणतात, "पुठ्ठा पेढ्याच्या भावाने घेतलात. अभिनंदन." मग एक पेढा तोंडात टाकून पुढे सांगतात, "मुलीचं. तुमचं नव्हे."

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांच्या तागड्या, दुधाची मापं, पेट्रोलपंप, सगळं तपासायचं. माप बरोबर असलं तर शिक्का मारायचा, खोटं असलं तर दोन पंच बोलावून त्यांच्यादेखत जप्त करायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून त्यांच्या पिशवीत एक किलोचं पितळी वजन असतं. मंडईतल्या काही भाजीवाल्या त्यांना लांबून पाहिलं की काटा पुसायला घेतात.

मी सदाशिव पेठेत त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तीन मुलींबरोबर राहते. दोन्ही फ्लॅट काकांचेच. माझं गाव वाशीम जिल्ह्यात आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे पुण्यात आले तेव्हा काय बोलायचं आणि काय नाही, हेच मला कळत नव्हतं. खोली बघायला मी वडिलांबरोबर आले होते. काकांनी विचारलं, "आपण काय करता?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच चाचरत म्हणाले, "आठवडी बाजारात भाजी विकतात." मला वाटलं, खोली गेली.

काका खुर्चीत पुढे सरकले. "तागडीवर यंदाचा शिक्का आहे?"

वडिलांचा चेहरा एकदम उजळला. "हाये नं साहेब! दरसाल मारून आनतो!"

"मग खोली दिली," काका म्हणाले. बाकीच्या तिघींना त्यांनी बरेच प्रश्न विचारले होते म्हणे. मला एवढा एकच.

तेव्हापासून ते मला नावाने हाक मारत नाहीत. "काय वाशीम, कॉलेज सुटलं का सोडलं?" असं जिन्यात विचारतात. त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "आधी शून्य दाखवा." पेट्रोलपंपावर तर ते म्हणतातच, पण रिक्षात बसताना आणि डॉक्टरांकडे वजनकाट्यावर उभं राहतानाही म्हणतात. पहिल्या वर्षी संख्याशास्त्राचा तास इंग्रजीत असायचा आणि मला त्यातलं काही समजायचं नाही. एकदा मी जिन्यात डोळे पुसत बसले होते. काकांनी चौकशी केली. मी म्हणाले, "मला काहीच येत नाही हो काका. अगदी शून्य."

"उत्तम," ते म्हणाले. "इथे निम्मे लोक उणेपासून सुरुवात करतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. चल, चहा घे."

अशा माणसाच्या घरात त्यांच्या मुलीने ट्रेडमिल आणि मनगटावरचं घड्याळ पाठवलं, तिथून ही गोष्ट सुरू होते.

केतकीताई हॅम्बर्गला असते. उन्हाळ्यात काका न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. फार लागलं नाही, पण तिने तिकडे धसका घेतला. तिचं म्हणणं, बाबांनी आता आपल्याकडे यावं. काकांचं म्हणणं, "हॅम्बर्गमध्ये मला कोण माप तपासू देणार? तिथे म्हणे सगळ्यांचीच बरोबर असतात. मग करायचं काय दिवसभर?" शेवटी तोड निघाली. काकांनी रोज अर्धा तास चालायचं आणि त्यात दोन किलोमीटर पुरे करायचे. घड्याळातला आकडा आपोआप केतकीताईच्या फोनवर जाणार. दिवाळीपर्यंत नीट चालले तर काका सदाशिव पेठेत राहणार. नाही तर तिकीट.

काका रोज चालायचे. ट्रेडमिल म्हणायचं, दोन. घड्याळ म्हणायचं, दीड. आणि केतकीताईला दिसायचा तो दीडच.

"दोघांपैकी एक चोर आहे," काका म्हणाले. "पंच बोलाव."

पंच दोघी. एक मी आणि दुसऱ्या सरलाबाई, ज्या काकांकडे पोळ्या करतात. काकांनी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर खडूने रेघ मारली. सरकारी शिक्क्याची पोलादी टेप काढून पट्ट्याची लांबी मोजली, मग पट्टा चालू केला. रेघ किती वेळा वर येते ते मी मोजायचं आणि सरलाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं.

"अहो काका, माझा तवा तापलाय."

"तवा थांबेल. न्याय थांबत नाही."

"तुमच्याकडे न्याय झाला की पोळी करपते," सरलाबाई म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. आम्ही गुणाकार केला. ट्रेडमिल निर्दोष निघालं. काकांनी त्याच्या दांडीवर खडूने बरोबरची खूण केली आणि घड्याळाकडे असं पाहिलं, की मला त्या घड्याळाची दया आली.

मी इंटरनेटवर वाचून थोडं समजून घेतलं होतं. भीतभीतच सांगितलं, "काका, घरात चालताना आपण जागचे हलत नाही, म्हणून उपग्रहावरून त्याला अंतर कळत नाही. ते हाताच्या झोक्यावरून अंदाज बांधतं."

"म्हणजे हे पाय मोजतच नाही?"

"नाही."

"हातावरून पायांचा अंदाज? दुकानदाराच्या चेहऱ्यावरून साखर तोलण्यातला प्रकार झाला हा!"

तरी आम्ही सगळं करून पाहिलं. घड्याळात काकांची उंची भरली. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट बसवला. चालताना पुढची दांडी धरू नका असंही मी वाचलं होतं, पण ती काका धरतच नसत. "दांडी धरतो तो चालत नाही, लोंबकळतो." आकडा दीडच्या पुढे काही सरकला नाही.

रविवारी केतकीताईचा व्हिडिओ कॉल आला. काका फोन स्वयंपाकघरातल्या डब्याला टेकवून ठेवतात, त्यामुळे घरात असेल त्याला सगळं ऐकू येतं.

"बाबा, या आठवड्यातही दीडच. दिवसेंदिवस हळू होताय तुम्ही."

"तुझं घड्याळ मापात मारतं."

"बाबा, मापात मारून घड्याळाला काय मिळणार?"

काकांनी मनगटावरचं घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. त्यांनी उभ्या नोकरीत ज्यांना ज्यांना पकडलं, त्या प्रत्येकाला काहीतरी मिळत होतं. हा पहिलाच आरोपी असा होता की ज्याला कशाचाच लोभ नव्हता. केतकीताई हलक्या आवाजात म्हणाली, "मी नोव्हेंबरचं तिकीट बघून ठेवते, बाबा." काका "बघ" म्हणाले. त्या संध्याकाळी ते मंडईत गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळाच्या कंपनीला फोन लावला. मराठी बोलणारी मुलगी मिळेपर्यंत तीनदा ठेवला.

"सर, चालताना हात नॅचरली हलू द्या."

"बाई, हात माझाच आहे. तो दुसऱ्या कोणासारखा कसा हलेल?"

"सर, मग एकदा बाहेर मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं चाला. म्हणजे घड्याळ तुमची चाल शिकेल."

"आपण कुठून बोलता?"

"हडपसरहून, सर."

"हडपसरहून? आणि मोकळा रस्ता म्हणता?"

पलीकडे ती मुलगी खुदकन हसली. मग म्हणाली, "खरंय सर. असं करा, चालतानाचा एक व्हिडिओ पाठवा. आमची टीम बघेल."

खरं तर बाहेर चालणं हा सोपा उपाय होता. काका पूर्वी रोज संध्याकाळी सुधाकाकूंबरोबर सारसबागेपर्यंत जायचे, असं सरलाबाई सांगतात. काकू मी येण्याच्या आधीच वारल्या. तेव्हापासून ते मंडईत जातात, बँकेत जातात, पण नुसतं चालायला म्हणून बाहेर पडत नाहीत. कारण विचारलं तर सांगतात, "फुटपाथवर स्कूटर चढते. मग माणसाने चढायचं कुठे?"

तर व्हिडिओ काढायचं काम माझ्याकडे आलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "पुरावा आहे, गबाळा नको." मी समोर उभी राहून चित्रण केलं आणि पाठवण्याआधी नीट आलंय का म्हणून बघितलं. मग पुन्हा एकदा बघितलं.

काकांचा उजवा हात मस्त झुलत होता. डावा हलतच नव्हता. लुळ्या हातासारखा लोंबतही नव्हता. कोपरात थोडा वाकलेला, अंगापासून जरासा लांब आणि अगदी स्थिर. पाय पुढे जात होते, खांदे हलत होते, पण तो हात भरलेली कपबशी नेत असल्यासारखा होता. आणि घड्याळ त्याच हातात होतं.

मला वाटलं, खांदा आखडला असेल. विचारू की नको असं झालं. शेवटी विचारलं, "काका, तुमचा डावा खांदा दुखतो का?"

"नाही. का?"

मी फोन पुढे केला. ते चष्मा लावून बघायला लागले. "पुन्हा लाव," म्हणाले. मी पुन्हा लावला. आत सरलाबाईंचं लाटणं थांबलं.

"सुधाचे डोळे गेले होते शेवटी शेवटी," काका म्हणाले. "साखरेने. इथे धरायची मला." त्यांनी डाव्या मनगटाच्या वर बोट ठेवलं. "हात हलला की तिचा तोल जायचा. म्हणून मी तो हलवायचा नाही असं ठरवलं होतं."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"ती गेली, ते हाताला सांगायचं राहून गेलं बहुतेक."

पुस्तकात अशा वेळी माणसं काहीतरी चांगलं बोलतात. मी म्हणाले, "मग व्हिडिओ कंपनीला पाठवू ना?"

"कंपनीला कशाला? तिचा काही दोष नाही. केतकीला पाठव."

मी पाठवला. खाली काय लिहू विचारलं, तर म्हणाले, "काही लिहू नकोस. पोरगी हुशार आहे."

हॅम्बर्गमध्ये तेव्हा ऑफिसची वेळ होती. तरी थोड्याच वेळात फोन वाजला. काकांनी तो डब्याला टेकवला. केतकीताई कुठल्यातरी जिन्यात उभी होती.

"बाबा, मला वाटलं तुम्ही थकलात."

"थकलो असतो तर सांगितलं असतं."

"नसतं सांगितलं."

"बरं, नसतं."

ती हसली, पण तिचं नाक लाल झालेलं दिसत होतं. "आई तिथेच धरायची ना? मनगटाच्या वर?"

"हो."

"आणि घड्याळ तिथेच घातलंय तुम्ही."

"या वाशीमने सांगितलं, हाडाच्या वर घाला म्हणून," काकांनी सगळं माझ्यावर ढकललं.

"बाबा, ते तिथून काढा. उजव्या हातात घाला. डावा राहू दे तसाच."

काकांनी डब्याच्या झाकणावरचं पीठ बोटाने पुसलं. मग म्हणाले, "उजव्या हातात घड्याळ घालून फिरलो, तर पेठेतले लोक म्हणतील म्हातारा बिघडला."

"म्हणू देत."

"आणि ते तिकीट?"

"काढते ना. माझं. दिवाळीला." आणि मग तिने जरा कडक आवाज काढला, अगदी काकांसारखा. "पण दोन किलोमीटर मला रोज दिसले पाहिजेत."

"दिसतील. माप चोख मिळेल," काका म्हणाले.

फोन बंद झाल्यावर त्यांनी डाव्या हातातलं घड्याळ काढलं. उजव्या हातात त्यांना पट्टा लावता येईना, म्हणून मी लावून दिला आणि घड्याळात हात बदलल्याची नोंद केली. सरलाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. "चला, मी पण बघते. पंच आहे मी."

"तव्याचं काय?"

"गॅस बंद केलाय."

ट्रेडमिलचा पट्टा सुरू झाला. काका चालायला लागले. उजवा हात पुढे-मागे झुलत होता आणि घड्याळावरचा आकडा त्याच्याबरोबर भराभर वाढत होता. डावा हात होता तसाच होता, थोडा वाकलेला, स्थिर. सरलाबाईंनी विचारलं, "किती झाले गं?" म्हणून मी वाकून बघायला पुढे झाले. काकांच्या डाव्या बाजूला उभं राहायला चांगली मोकळी जागा होती. मी ती तशीच राहू दिली आणि ट्रेडमिलला वळसा घालून उजवीकडे गेले.