पानाला घाम फुटता कामा नये

आमच्या शेजारच्या गणूकाकांची एक सवय आधीच सांगून ठेवते, म्हणजे कधी आमच्या गावी, कापड्याला, आलात तर दचकणार नाही. ते तुमच्या हातात एक वाटी देतील. तुम्ही पहिला घास तोंडात घातलात की पुढे वाकतील आणि आपला उजवा कान तुमच्या गालापासून चार बोटांवर आणून धरतील. "आवाज येऊ दे," म्हणतील. कुर्र असा आवाज आला तर मान हलवतील. नाही आला तर वाटी काढून घेतील. मी महाडला ज्या शाळेत शिकवते तिथले मुख्याध्यापक एकदा आमच्या घरी आले होते. त्यांनी वाटी हातात धरून शाळेच्या गप्पा सुरू केल्या. काकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि वाटी अलगद काढून घेतली. "साहेब, तुम्ही बोलत बसलात. पान मेलं," एवढंच म्हणाले आणि परसात निघून गेले.

वाटीत असतं लेट्यूस. बाजारात मिळतं तसलं ऐसपैस पसरलेलं नाही. काकांचा गड्डा ओंजळीत मावतो, बाहेरून हिरवा, आत पोपटी, आणि मधला गाभा तर कोवळ्या मक्यासारखा पिवळा. पान मोडलं की काकडीसारखं मोडतं. गावात त्याला 'इलायती पाला' म्हणतात.

काका एकतीस वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात आचारी होते. पण त्यांचं सगळं आयुष्य थंड खात्यात गेलं. तिथे विस्तवाचा संबंध नाही. पानं धुवायची, निथळायची, बशा लावायच्या, वर घालायची ड्रेसिंग घोटायची. त्यामुळे हा आचारी निवृत्त होऊन गावी आला तेव्हा गावाला कळलं की याला चूल पेटवता येत नाही. काकी चार दिवस माहेरी गेली होती तेव्हा काका काकडी, दही आणि भिजवलेल्या पोह्यांवर राहिले होते. चौथ्या दिवशी माझी आई डाळभात घेऊन गेली. त्यांनी भाताला हात लावून बघितला आणि म्हणाले, "वैनी, लय गरम हाय." तेव्हापासून त्यांचं नाव 'थंडा आचारी' पडलं.

मीही हसते त्यांना. पण एका मर्यादेपर्यंतच, आणि त्याला कारण आहे. मी बारावी झाले तेव्हा वडिलांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं. एखादं वर्ष घरी राहू दे, मग बघू, असं त्यांचं म्हणणं. काका तेव्हा गणपतीला गावी आले होते. ते आमच्या ओटीवर बसले आणि वडिलांना म्हणाले, "दादा, पान ताजं हाय तवर वाढायचं असतं. वर्षानं वाढून काय करशील?" वडिलांना ते कितपत कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या आठवड्यात मी महाडच्या कॉलेजला जाणाऱ्या एसटीत होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. ती एका लेट्यूसवाल्याच्या तत्त्वज्ञानावर झाले, हे मी माझ्या वर्गातल्या मुलांना अजून सांगितलेलं नाही.

काकांची सगळी तत्त्वं पानावरचीच. त्यातली दोन मुख्य. पहिलं, पानाला घाम फुटता कामा नये. दुसरं, ड्रेसिंग ऐन टायमाला. आधी घातलीत तर पान मान टाकतं, उशिरा घातलीत तर खाणारा उठून जातो.

दिवाळी झाली की परसातल्या फणसाच्या सावलीत ते वाफे करतात आणि होळीच्या आत सगळं संपवतात. भल्या पहाटे गड्डे काढायचे, विहिरीच्या पाण्यात बुडवायचे, मग पानं सुटी करून धुतलेल्या पंच्यात बांधायची आणि अंगणाच्या मध्ये उभं राहून तो पंचा गोफणीसारखा गरगर फिरवायचा. पाणी चारी दिशांना उडतं. आमच्या वाडीत माघातल्या सकाळी कुणी काकांच्या अंगणावरून सरळ चालत जात नाही, सगळे कुंपणाला धरून जातात.

ड्रेसिंग घरचीच. एक फेसलेल्या मोहरीची, लिंबू आणि गोडेतेल घालून. एक भाजलेल्या शेंगदाण्याची. ती बाटलीत भरून ते येताजाता हलवत असतात. पोलादपूरच्या एसटीत एकदा कंडक्टरने विचारलं, औषध आहे का? काका म्हणाले, "औषधच समज. पण आजारी माणसाला चालत नाय."

आता मुख्य गोष्ट. गावी आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात काकांनी हौसेने घरटी एक गड्डा वाटला. दुसऱ्या दिवशी अभिप्राय गोळा करायला निघाले. प्रत्येक घरात कौतुक झालं. भाजी चवीला बरी होती, पण फार आटली, एवढा पाला घातला आणि हातात मूठभर आली, असं सगळ्यांनी सांगितलं. कुणी त्यात चणाडाळ घातली होती, कुणी सुकट. एका घरात तर नारळाचं वाटण लावून रस्सा केला होता. आमच्याकडे पालेभाजी म्हणजे फोडणीची. कच्चा पाला गुरं खातात, माणसं नाही. यात गावाची काही चूक नव्हती.

काका घरी आले. काकीने त्यांना आनंद व्हावा म्हणून उरलेले सगळे गड्डे चिरून, लसणीची फोडणी देऊन, झाकण ठेवून शिजवले होते. काका कढईत बराच वेळ बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत आणि जेवलेही नाहीत.

काकीला ते लागलं. एकतीस वर्षं तिने इथे शेत सांभाळलं, सासू-सासऱ्यांचं केलं, नवऱ्याचं तोंड वर्षातून दोनदा पाहिलं. तिने पदर खोचला आणि सांगून टाकलं, "गाव खाईल त्या दिवशी मी खाईन. तवर हा पाला माझ्या ताटाजवळ आणायचा नाय." काकी बोलली की ते दगडावर कोरलेलं. चार हिवाळे काकांनी पाहुण्यांना, पोस्टमनला, रस्ता चुकलेल्या मोटारसायकलवाल्यांना वाट्या भरून दिल्या. घरातली एक बाई मात्र खात नव्हती.

गेल्या माघात गावच्या पूजेची कामं वाटायला गावकीची माणसं देवळाच्या पायरीवर बसली. आमच्या गावकीचे प्रमुख म्हणजे अण्णा. माणूस चांगला, पण टोमणा आला की गिळत नाही. भात कुणी, वरण कुणी, पाणी कुणी, असं वाटून झाल्यावर अण्णा म्हणाले, "गणू, तू मुंबईचा आचारी. विस्तवाजवळ काय तुला बसवत नाय. पानाची डावी बाजू तुझी. मीठ, लिंबू, कोशिंबीर." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, कोशिंबीर कसली करायची ते माझ्यावर ना? अण्णांनी बेसावधपणे हो म्हटलं.

पंगतीत कच्चा इलायती पाला वाढणार हे कळलं आणि गाव हादरलं. काकीने दोन दिवस काकांशी अबोला धरला, कारण अख्ख्या गावासमोर शोभा होणार याची तिला खात्री होती. अण्णा घरी येऊन सांगून गेले की आपल्या पंगतीत बकऱ्या बसत नाहीत, काकडी किस आणि मोकळा हो. काका म्हणाले, "तुम्ही शब्द दिलाय, अण्णा. थंड घ्या."

त्यातून खरा पेच वेगळाच निघाला. पंगतीत डावी बाजू सगळ्यात आधी वाढतात. मग भात, वरण, भाजी, मग श्लोक, मग अण्णांचे दोन शब्द, जे दोन कधीच नसतात. तोवर ड्रेसिंग घातलेल्या पानाला घामच काय, ताप भरला असता. काकांनी ठरवलं की कोशिंबीर श्लोकानंतर वाढायची. अण्णा भडकले. डावी बाजू रिकामी ठेवून आजवर कुणी देवाचं नाव घेतलंय का? शेवटी मीच मध्ये पडले. मास्तरणीला गावात थोडा मान असतो, तो मी त्या दिवशी खर्च केला. मीठ आणि लिंबू आधी वाढू, म्हणजे डावी बाजू रिकामी नाही. अण्णांनी हे मान्य केलं, पण आपले दोन शब्द कमी करायला तयार झाले नाहीत.

पूजेच्या दिवशी काकांनी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून पाच टोपल्यांत भरली आणि दोर बांधून देवळाच्या विहिरीत, पाण्याच्या हातभर वर, लोंबकळत सोडली. लोक काठावर वाकून बघत होते. एका आजोबांनी विचारलं, हा नवस कसला?

पहिली पंगत बसली. सगळं वाढून झालं. लिंबाच्या फोडीशेजारी रिकामी जागा बघून लोक एकमेकांना कोपराने ढोसत होते. श्लोक झाला. अण्णा बोलायला उभे राहिले. काका पंगतीच्या टोकाला एक हात वर करून उभे. आम्ही चौघं वाढपी विहिरीपाशी. अण्णांनी "शेवटी एवढंच सांगतो" म्हटलं आणि काकांनी हात खाली आणला. टोपली वर, परात समोर, मोहरीची बाटली उपडी, दोन्ही हातांनी तीनदा खालीवर. आम्ही धावत सुटलो. अण्णा बसेपर्यंत शेवटच्या पानावर वाढून झालं होतं.

कुणी आधी खावं याची सगळे वाट बघत होते. मग अण्णांनीच, गावकीचा प्रमुख म्हणून, पान उचललं आणि तोंडात टाकलं.

कुर्र.

देवळाच्या मंडपात तो आवाज स्पष्ट ऐकू आला. मग दुसरा आला, मग तिसरा, आणि मग भाताच्या खळ्यात बैल फिरावेत तसा सगळ्या पंगतीतून एकच आवाज सुरू झाला. मोहरी नाकात गेली तसे चारदोन जण ठसकले आणि ठसकत हात पुढे करू लागले. अण्णा डोळे पुसत म्हणाले, "गणू, हिकडं फिरव जरा." काका कुणाच्याही तोंडाजवळ गेले नाहीत. टोकाला उभं राहून, डोळे मिटून ऐकत होते.

दुसरी पंगत पहिलीचं ऐकून बसली, तिसरी दुसरीचं. लोक भातावर वाढायला सांगू लागले. अण्णा तिसऱ्या पंगतीत वाढायच्या निमित्ताने पुन्हा आले आणि द्रोण पुढे केला. काका म्हणाले, "संपलं, अण्णा."

मला नवल वाटलं. मी चार टोपल्या वर येताना पाहिल्या होत्या. पाचवा दोर अजून ताणलेला होता. आणि गणूकाकांना खोटं बोलताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे बायकांची पंगत शेवटची. पहाटेपासून चुलीपुढे राबलेल्या बायका बसतात तेव्हा भात निवलेला असतो, भाजी तळाला गेलेली, पापड संपलेले. डाव्या बाजूला मिठाशिवाय काही उरलेलं नसतं. त्याची कुणी तक्रारही करत नाही. मीही बसले, काकीच्या शेजारी. आणि काका पाचवी टोपली घेऊन आले. त्यात नुसते गाभे होते, पिवळे, बोटाएवढे. सगळ्यांत चांगला माल त्यांनी शेवटच्या पंगतीला ठेवला होता.

बाटलीही वेगळी होती, लालभडक. पहिलं पान त्यांनी काकीला वाढलं.

काकीने विचारलं, "ह्यात काय हाय?"

"तुझं आगळ. मे महिन्यात तू कोकमं पिळलीस ना, ते. आनि गूळ."

गावाने खाल्लं होतं. काकीला शब्द पाळणं भाग होतं. तिने एक गाभा उचलला, तोंडात घातला. काका सवयीने वाकले, कान पुढे केला. "लांब व्हा जरा, बायका बघतात," काकी पुटपुटली. पण तिने खाल्लं, आणि मग दुसरा उचलला. तिसऱ्याला म्हणाली, "त्या दिवशी कढईत बघून गप बसलात. तेव्हाच सांगितलं असतंत तर चार वर्षं वाया गेली नसती." काकांनी टोपली पुढे ओढली. त्यांनी तिला पुन्हा वाढलं.

सगळं आवरल्यावर काका आणि बाकीचे वाढपी जेवायला बसले. मी त्यांना वाढायला थांबले. काकांच्या पानावर निवलेला भात आणि मीठ. कोशिंबीर खरोखरच संपली होती. मी त्यांना विचारलं की हा कान लावायचा नाद कुठून लागला? काका भात कालवत म्हणाले, "बाय, आमचं थंड खातं जमिनीखाली. खिडकी नाय. रोज बशा लावायच्या, लिफ्टमधून वर जायच्या, रिकाम्या खाली यायच्या. कोण खातो, कसा खातो, काय ठावं नाय. एकतीस वर्षांत मी एका माणसाला खाताना बघितला नाय."

काकी तिथेच भांडी उलटी घालत होती. ती हात पुसत आली आणि कमरेला खोचलेला ओला रुमाल सोडला. आत एक गाभा होता, न कालवलेला. आगळ ओतण्याआधी तिने तो कधी उचलला, मला शेजारी बसून कळलं नव्हतं. बाटलीच्या तळाशी राहिलेलं आगळ तिने त्यावर ओतलं, ऐन टायमाला, आणि तो काकांच्या पानाच्या डाव्या बाजूला ठेवला. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि आपला कान त्यांच्या गालाशी आणला.

"आवाज येऊ द्या," काकी म्हणाली.

आवाज आला. मलाही ऐकू आला. माघातली थंडी होती, मंडपात वारा होता, तरी काका पुढे बराच वेळ पंच्याने तोंड पुसत राहिले.