खाटेखालचे अंक

नागरिकाने आपले कर्तव्य अवश्य करावे, मात्र ते करताना कोणाच्या दृष्टीस पडू नये, अशा विचारांचे रंभाजी कारकून होते. राहात्यातल्या एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक सांभाळीत. नोकरी अद्याप कायम झालेली नव्हती. कायम करण्याचा हुकूम साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता आणि त्या टेबलाजवळून जाताना रंभाजी श्वासही बेताने सोडीत. (न जाणो, कागद उडाला तर?)

ते वर्ष दुष्काळाचे होते. अर्धा गाव खडी फोडायला सरकारी कामावर जात होता. मच्छिंद्राची आईही त्यांतच होती. हा मच्छिंद्र एक लहानसे साप्ताहिक काढी. मजकूर त्याचा, छपाईचे खिळे जुळविणारा तोच, छापणारा तोच आणि सायकलवरून विकणाराही तोच. पाठीशी ना पुढारी, ना जाहिरात. संक्रांतीच्या आठवड्यात त्याने छापले की, कामावर निघालेला पाण्याचा टँकर वाटेत साहेबांच्या बंगल्यावर थांबतो, गुलाबांचे वाफे भिजवितो आणि तळाशी उरेल ते पाणी खडी फोडणाऱ्या बायांना मिळते. अंक निघताच दुकानदारांनी हात जोडले. गावात एकही प्रत खपेना.

हे कळताच रंभाजींना राहवले नाही. निर्भीड लेखक हा गावाचा डोळा असतो आणि तो गावानेच जपला पाहिजे, असे त्यांचे मत होते. (हे मत त्यांनी आजवर फक्त आरशासमोर मांडले होते.) त्यांनी मागल्या दाराने मच्छिंद्राला बोलाविले, सगळा गठ्ठा विकत घेतला, गोणपाटात गुंडाळला आणि खाटेखाली पार भिंतीशी सरकविला. लेखकाला आधार मिळाला. अंक कोणी वाचणार नाही, म्हणून नोकरीलाही धोका उरला नाही. एवढे निर्दोष समाजकार्य तालुक्यात दुसरे झाले नसेल, अशा समाधानात ते त्या खाटेवर गाढ झोपले.

चार दिवसांनी कचेरी सुटल्यावर ते घरी आले, तेव्हा त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाईंचे हळदीकुंकू आटोपत आले होते. बाया तिळगुळाच्या पुड्या घेऊन पायऱ्या उतरत होत्या. शेजारच्या झुंबरबाईंच्या हातातल्या पुडीकडे रंभाजींचे सहज लक्ष गेले. पुडीवर ठळक अक्षरांत छापले होते: ‘गुलाबांना पाणी, बायांना धूळ’.

 रंभाजी चपलांसह स्वयंपाकघरात शिरले आणि कागद कुठून आणलास, असे त्यांनी विचारले.

“खाटेखालून,” पुष्पावतीबाई हळदीची वाटी पुसत म्हणाल्या. “उंदरं खायाला लागली हुती. म्हनलं, उंदरांपरीस बाया बऱ्या.”

“सगळा गठ्ठा?”

“लई बाया आल्त्या यंदा. साहेबीणबाईसुद्दा आल्या. त्यास्नी मोठी पुडी दिली.”

रंभाजी जमिनीवर बसले. अंगणातून बायांचे हसणे ऐकू येत होते; त्यांना ते चौकशी समितीच्या कुजबुजीसारखे वाटले. निदान जवळच्या पुड्या तरी परत मिळवाव्यात, म्हणून ते झुंबरबाईंच्या दारात गेले आणि ती पुडी परत मिळेल का, असे अत्यंत नम्रपणे विचारते झाले.

झुंबरबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. “भावजी, तिळगूळ घिऊन गोड बोलायचं आसतं. दिलेला परत मागायचा ही रीत कंच्या गावची?”

पाच घरे फिरायचा बेत पहिल्याच घरात संपला. कारकुनाने दुष्काळापायी वाटलेला तिळगूळ परत मागितला, ही वार्ता त्यांच्याआधी गल्लीच्या टोकाला पोहोचली. साहेबांच्या बंगल्यापर्यंत मात्र ते धैर्याने गेले. फाटकाची कडी दिसताच त्यांना घरी महत्त्वाचे काम आठवले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाऊल टाकताच सहादेव शिपाई म्हणाला, साहेबांनी आत बोलावलंय. एरवी हसणारा सहादेव आज हसला नाही. रंभाजींनी टोपी सारखी केली, खिडकीतून दिसणाऱ्या कडुनिंबाकडे एकवार पाहून घेतले आणि ते आत गेले.

टेबलावर तोच अंक होता. घड्या पडलेला, कोपऱ्याला तीळ चिकटलेले. अंकाशेजारी त्यांच्या नोकरीचा हुकूम होता. 

“हा कागद तुमच्या घरून आला,” साहेब म्हणाले.

रंभाजींनी मान हलविली. ती होकारार्थी हलली की नकारार्थी, हे त्यांचे त्यांनाही समजले नाही.

साहेब थकलेले दिसत होते. त्यांनी सांगितले की, तिळगूळ खाता खाता त्यांच्या पत्नीने पुडीवरचा मजकूर वाचला. कागद मध्येच फाडलेला. उरलेला भाग शेजारणीच्या पुडीत असेल म्हणून त्या तिकडे गेल्या, तिथून तिसरीकडे. रात्रीपर्यंत सरकारी वसाहतीतल्या सगळ्या बायका आपापल्या पुड्या उलगडून एका चटईवर लेख जुळवीत बसल्या होत्या. आज सकाळी बंगल्यावर चहा झाला नाही. टँकर थेट कामावर जाईपर्यंत तो होणारही नाही, असे साहेबांना बजावण्यात आले होते.

“तेव्हा टँकर मी पहाटेच तिकडे धाडला,” साहेब म्हणाले. “आता एवढंच कळायला हवं, की हे वाटण्यामागे डोकं कोणाचं?”

रंभाजींच्या डोळ्यांसमोर बदलीचा हुकूम आणि चांदा जिल्ह्यातले जंगल उभे राहिले.

“घाबरू नका. मी सगळ्या कचेरीत विचारलं. एकजात सगळे म्हणाले, रंभाजींकडून असं काही होणं शक्य नाही. हुकमावर सही केलीय मी. शेराही लिहिलाय, ‘निरुपद्रवी’.”

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो शब्द रंभाजींना कुठेतरी बोचला. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी पाठीचा कणा ताठ केला.

“साहेब,” ते कापऱ्या आवाजात म्हणाले, “ते अंक मी विकत घेतले होते. सगळे. लेखकाला आधार म्हणून. नागरिकाचे कर्तव्य म्हणून.”

साहेबांनी त्यांच्याकडे काळजीने पाहिले. मग घंटी वाजविली आणि सहादेवाला पाण्याचा पेला आणायला सांगितले.

“पानी न्हाई साहेब,” सहादेव म्हणाला. “आपला माठ टँकरवरच भरायचा, त्यो तर कामावर गेलाय.”

“बघा,” साहेब उसासा टाकून म्हणाले, “पाण्यावाचून हाल होतात असं तो मच्छिंद्र लिहितो, ते खोटं नाही. तहानेने माणूस काय वाटेल ते बरळतो.”