काढलेल्या माणसाचं कौतुक

आमचे मॅनेजर तात्यासाहेब माणसाचं कौतुक एकदाच करत, आणि तेही त्याला कामावरून काढण्याच्या दिवशी. एरवी त्यांच्या तोंडून चांगला शब्द निघाला की ऐकणारा दुसरी नोकरी शोधायला लागे.

लढाईचे दिवस होते. आमची मोटार कंपनी साताऱ्याहून वाई, महाबळेश्वर आणि खाली सांगलीपर्यंत गाड्या सोडायची. मालक सांगलीला, आमची कचेरी साताऱ्यात पोवई नाक्यापाशी. कृष्णा आमच्याकडून सांगलीकडे वाहत जाते आणि मालकांचे हुकूम सांगलीहून आमच्याकडे चढत येत. तात्यासाहेब त्या हुकमांना "वरून आलंय" म्हणत आणि बोट छताकडे करत. नव्या माणसाला वाटे, देवाकडूनच आलंय. देव इतक्या वेळा निरोप धाडत नाही, हे जुन्यांना ठाऊक होतं.

पेट्रोल मिळेनासं झालं म्हणून गाड्या कोळशाच्या वायूवर चालवायला त्यांना भट्ट्या बसवल्या. पसरणीच्या घाटात गाडी दमली की उतारू खाली उतरून ढकलत आणि वर पोचल्यावर आम्हाला शिव्या देत. फेऱ्या कमी झाल्या, तशी माणसंही कमी करायची ठरली. मालकांनी ते ठरवलं आणि तात्यासाहेबांनी साजरं केलं.

साजरं म्हणजे अगदी समारंभाने. कचेरी सुटायच्या सुमाराला टेबलं भिंतीला लावत. ज्याला काढायचं त्याला मधल्या खुर्चीवर बसवत. तात्यासाहेब त्याच्या गळ्यात झेंडूचा नाहीतर शेवंतीचा हार घालत. हार असा ओवलेला असे की एका बाजूला फुलांची गर्दी आणि दुसऱ्या बाजूला नुसता दोरा. कंपनी हारातसुद्धा काटकसर करते, असं आम्ही म्हणायचो. मग भाषण, आणि भाषणानंतर प्रत्येकाच्या हातावर एक कंदी पेढा. तो तोंडात विरघळेपर्यंत माणूस बेकार झालेला असे.

भाषण मात्र असं करत की वाटे, या माणसावाचून कंपनी उद्या बंद पडणार. तिकिटं देणाऱ्या जोशांना ते रोज "झोपाळू म्हैस" म्हणत. त्याच जोशांना काढलं त्या दिवशी म्हणाले, "जोशांनी हातात तिकीट ठेवलं की उतारूला वाटायचं, आपण पोचलोच! असा माणूस आपल्या कुटुंबातून चालला. घर ओस पडलं हो." आणि ढसाढसा रडले. जोशीही रडले. घरी जाऊन त्यांनी ते सगळं भाषण बायकोला म्हणून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "मग काढलं कशाला?" जोशांना हे सुचलंच नव्हतं.

'कुटुंब' हा तात्यासाहेबांचा फार लाडका शब्द. आमचं कुटुंब होतंही जगावेगळं. त्यात बाप पोरांना एकेक करून घराबाहेर घालवायचा आणि दारात उभा राहून डोळे पुसायचा.

पुढे बाबालालची पाळी आली. बाबालाल म्हणजे घाटातला आमचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. महाबळेश्वरच्या धो धो पावसात, गाडीचं नाक दिसत नसताना, त्याने कधी कुणा उतारूला खरचटू दिलं नव्हतं. तात्यासाहेबांनी हे सगळं रंगवून सांगितलं. बाबालाल हार घालून ऐकत होता. भाषण संपल्यावर तो उठला आणि शांतपणे म्हणाला, "सायेब, मी येवढा चांगला हाय म्हनताय, तर ऱ्हाऊ द्या की मला."

हातातला पेढा कुणी तोंडात घालेना. तात्यासाहेबांचं बोट छताकडे गेलं. "वरून आलंय रे, बाबालाल."

"वरच्याला तुमी कवा इचारलं व्हय, का म्हनून?"

तात्यासाहेबांचं बोट अजून छताकडेच होतं. बाबालालने हार काढला, बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या आरशाला अडकवला आणि चालत निघून गेला. दुसऱ्या दिवशी गाडी तो हार घेऊनच वाईला गेली.

त्या दिवसापासून तात्यासाहेब माझ्या मनातून जे उतरले ते उतरलेच. साहेबाला वर बघावं लागतं, हे मलाही कळतं. पण त्याची मान वरच अडकून बसली, तर खालच्या माणसांनी कुणाकडे बघायचं? वर 'नाही' म्हणायची ज्याच्यात धमक नाही, त्याने खाली रडून दाखवू नये, असं माझं मत झालं. ते मी अर्थातच कुणाला सांगितलं नाही, कारण पुढची पाळी माझी असू शकत होती. धाकटा भाऊ पलटणीत, त्याची पत्रं येईनाशी झालेली, घरात म्हातारी आई, पोरं, आणि मिळवता मी एकटा.

आणि एके दिवशी मी उतारूंची नावं वहीत लिहीत असताना तात्यासाहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शिंदे, अक्षर मात्र छान आहे हो तुझं."

त्या दिवशी मी ताटावरून तसाच उठलो.

"आवं, त्वांड का उतारलंय?" बायकोने विचारलं.

"साहेबांनी कौतुक केलं."

"आगं बया! आता वं कसं व्हायचं?"

तिने औंधच्या यमाईला नवस बोलला, की उद्या साहेबांनी यांना शिव्या द्याव्यात. देवी पावली. सकाळी तात्यासाहेबांनी मला सगळ्यांदेखत बैल म्हटलं. संध्याकाळी मी पेढे घेऊन घरी गेलो.

लढाई संपली. एका सकाळी तात्यासाहेब कचेरीत आले, तर त्यांच्या खुर्चीत मालकांचे जावई बसलेले.

"सासरेबुवांचा निरोप आहे," जावई म्हणाले. "उद्यापासून येऊ नका. आज गेलात तरी चालेल."

तात्यासाहेबांनी वर बघितलं. छत होतं तिथेच होतं. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. छत्री काखेत धरून ते बराच वेळ दाराशी उभे राहिले. कुणीतरी दोन शब्द बोलेल म्हणून थांबले होते, हे सगळ्यांना कळत होतं. एकेकाने वहीत डोकं घातलं. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. माझ्या डोळ्यांपुढे बाबालाल होता.

जावई कौतुक करत नसत आणि शिव्याही देत नसत. त्यांना आमची नावंच ठाऊक नव्हती. दिवाळी तोंडावर आलेली असताना शिपाई माझ्या टेबलाशी आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "शिंदे, तुमचं उद्यापास्नं बंद केलंया म्हनं." झालं. ना मधली खुर्ची, ना पेढा. इतक्या वर्षांच्या नोकरीला शिपायाच्या एका वाक्यात निरोप मिळाला.

घरी जायचा धीर होईना. पाय वळले ते शनिवार पेठेत, तात्यासाहेबांच्या भाड्याच्या दोन खोल्यांकडे. बहुतेक भांडायलाच निघालो होतो.

अंगणात रॉकेलच्या डब्यांत फुलझाडं लावलेली. झेंडू, शेवंती, सगळं पिवळंधमक. तात्यासाहेब झारीने पाणी घालत होते. माझं तोंड बघून म्हणाले, "काढलं?"

"हो."

"काय बोलले?"

"कोण बोलणार? शिपायाकडून कळवलं."

तात्यासाहेब इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "काहीच नाही? अरे, माणूस आहे का कोण आहे! बस. बस इथे."

त्यांनी भराभरा फुलं खुडली, सुईदोरा आणला आणि पायरीवर बसून ओवायला लागले.  फुलं सगळी एकाच बाजूला गोळा होत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"ते हार तुम्ही ओवायचात?"

"मग कोण? घरात दुसरं आहे कोण? ही गेल्यापासून ही झाडं आणि मी. वरून आलं की बसायचो ओवत."

म्हणजे काढायच्या माणसांसाठी या गृहस्थाने बाग वाढवली होती! माझं डोकं तडकलं. पण तोवर ते उठले होते. त्यांनी कोटाची बटणं लावली, माझ्या गळ्यात हार घातला आणि त्या डब्यांसमोर उभं राहून भाषण सुरू केलं.

"शिंदे आपल्यातून चालले. भाऊ लढाईवर, त्याचा ठावठिकाणा नाही. पण या माणसाने त्या काळात एका उतारूवर आवाज चढवला नाही..."

भावाबद्दल मी त्यांना कधी बोललो नव्हतो. कुणाकडे तरी चौकशी करून ठेवली असणार. मला राहवेना.

"तात्यासाहेब, हे मी कामावर होतो तेव्हा का नाही बोललात?"

ते पायरीवर खाली बसले. "तेव्हा बोललो असतो तर तू जवळचा झाला असतास. जवळच्या माणसाला काढायचं कसं रे? आणि वरून तर सारखं येतच होतं."

"नाही म्हणायचं त्यांना."

"नाही जमलं." ते हाताकडे बघत राहिले. "हार तेवढे जमायचे. तेही धड नाहीत."

मग ते माझ्याकडे बघत राहिले, त्या सकाळी दाराशी उभे राहून बघत होते तसेच. मी हार काढला आणि त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी लगेच मान खाली केली. आता दोन शब्द बोलणं भाग होतं. मी शोधायला लागलो. जोशी आठवले, बाबालाल आठवला. खोटं बोलवेना.

"तात्यासाहेब," मी शेवटी म्हणालो, "तुम्ही भाषण फार चांगलं करता."

तेवढ्यावर ते ढसाढसा रडले. मग डोळे पुसत आत गेले आणि पेढा आहे का म्हणून एकेक डबा उघडून बघू लागले. पेढा नव्हता. त्यांनी गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो तिथेच उभा राहून खाल्ला.