घुबडाची खिडकी

इथे आखातात, मंगफच्या आमच्या इमारतीत लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली की माझ्या पोटात दुखू लागतं. तिथे सबनीसकाका शिरतात आणि तळमजला येईपर्यंत इंग्लंडमधलं एक कोठार अख्खं बांधून दाखवतात.

कोठार त्यांच्या लेकीचं, केतकीचं. पूर्वी शेतकरी तिथे गहू मळायचे. आता ती आणि तिचा नवरा राहतात. काका तेल कंपनीत ड्राफ्ट्समन, त्यामुळे प्रत्येक तुळई मापासकट ऐकावी लागते. "समोरासमोर दोन दारं! भरलेली गाडी एकातून आत, रिकामी दुसऱ्यातून बाहेर. दोन्ही उघडली की मधल्या वाऱ्यावर भूस उडवायचं. आणि हे सगळं मूळ बांधकाम आहे, हात लावायचा नाही!"

हे त्यांचं पालुपद. आमच्या डुगडुगणाऱ्या टीपॉयखाली मी पुठ्ठा सारला, तेव्हाही ते हेच म्हणाले. बायको खळखळून हसली. माझ्या विनोदांवर ती कधी एवढी हसलेली नाही.

खरं सांगतो, मी जळत होतो. आमच्या हडपसरच्या फ्लॅटचा इतिहास म्हणजे गळकी टाकी. त्यात बायको म्हणाली, "नशीबवान हो काका! पुढच्या महिन्यात रिटायर झाले की चालले लेकीच्या राजवाड्यात." मला आमटी गोड लागेना.

शुक्रवारी खोड काढायलाच त्यांच्याकडे गेलो. टेबलावर कोठाराचा नकाशा पसरला होता.

"हे वर भोक कसलं?"

"घुबडाची खिडकी. उंदीर खायला घुबड यावं म्हणून ठेवायचे. अजून येतं."

"लेकीच्या घरात घुबड? अपशकुन हो काका!"

ते हसले नाहीत. नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आखलेली एक छोटी खोली होती. आत 'बाबा' लिहून खोडलं होतं.

"परवानगी मिळाली नाही," ते म्हणाले. "जुनी वास्तू. दालन सलगच ठेवायचं, मधे भिंत घालायची नाही. केतकी फोनवर रडली हो. मीच समजावलं तिला, मूळ बांधकाम आहे, हात लावायचा नाही. मी आपला नाशिकला जाईन."

नाशिकला त्यांचं कुणी उरलेलं नाही, हे मला ठाऊक होतं.

नकाशाची गुंडाळी करत ते म्हणाले, "घुबडाला आहे जागा."

दुसऱ्या दिवशी लिफ्ट चौथ्यावर थांबली. काका आले आणि मजल्यांचे आकडे बघत उभे राहिले. माझ्यासोबत वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू होते.

"काका," मी म्हटलं, "यांना ती समोरासमोरची दारं सांगा ना."

तळमजला आला तेव्हा काका तुळयांपर्यंतच पोचले होते. मी लिफ्टचं दार धरून उभा राहिलो.