आजार की आळस

प्रवेशप्रमुखांचा चष्मा सकाळपासून सापडत नव्हता आणि तो कारकूनबाईंनीच लपवला, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. काल पेन असंच गेलं होतं. शिवाय भर उन्हाळ्यात, अंगात स्वेटर असूनही, त्यांना हुडहुडी भरत होती. म्हणजे पंखाही कोणीतरी मुद्दाम वाढवला होता.

"बाई, पंखा कमी करा."

"बंदच आहे साहेब. सकाळपासून."

हेही त्यांना संशयास्पद वाटलं. त्यांनी मोर्चा समोरच्या मुलीकडे वळवला. बारावीत जेमतेम काठावर पास झालेली ही पोरगी विद्यापीठात प्रवेश मागत होती. कारण काय, तर तेव्हा थायरॉइडचा त्रास होता म्हणे.

"दिसतेस तर ठणठणीत."

"आता आहे सर. गोळ्या चालू झाल्या आणि डिप्लोमाला पहिली आले."

"तेच म्हणतो मी. एकदम एवढी हुशारी आली कुठून? आणि सर्टिफिकेट काय, मागितलं की मिळतं. नक्की होत काय होतं तुला?"

"झोप यायची. पेपर लिहिता लिहिता डोळा लागायचा."

साहेबांनी जांभई दाबली. "झोप कोणाला येत नाही? याला आळस म्हणतात. बाई, शेऱ्यात लिहा, आळस."

मुलीचा चेहरा उतरला. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती. आज नाही, तर कधीच नाही. तिने घाईघाईने सांगायला सुरुवात केली. "थंडी पण वाजायची सर. सगळे घामाघूम आणि मी शाल गुंडाळून. वस्तू मीच कुठेतरी ठेवायचे, विसरायचे आणि भावावर आळ घ्यायचे. चिडचिड तर इतकी, की सगळं घर माझ्या वाईटावर टपलंय असं वाटायचं."

बाईंनी साहेबांच्या स्वेटरकडे पाहिलं. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसायचा म्हणून खिशातून रुमाल ओढला, पण घाम नव्हताच. रुमालाबरोबर चष्मा मात्र टेबलावर पडला. पाठोपाठ पेनही.

बाईंनी तेच पेन उचललं.

"साहेब," बाईंनी अगदी साळसूदपणे विचारलं, "मग शेऱ्यात काय लिहू? आजार की आळस?"

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आजार लिहा. प्रवेश मंजूर."

बाई शिक्का आणायला उठल्या. त्या दाराबाहेर गेल्याची खात्री करून साहेब मुलीकडे झुकले.

"तुझ्या त्या डॉक्टरांकडे नंबर आधी लावावा लागतो का गं?"