पाठीवर झोपलेला उंदीर

सखाराममामा कुणालाही भेटले की तब्येत विचारत नसत, घरचे कसे आहेत विचारत नसत, पाऊसपाण्याचंही विचारत नसत. ते विचारायचे, "मनगट कसं हाय?"

मी त्या कचेरीत लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. पहिल्याच सकाळी चष्मा कपाळावर चढवलेला एक उंच, वाकलेला माणूस माझ्या टेबलाशी आला, माझा उजवा हात उचलून त्यानं वैद्यासारखा इकडेतिकडे वळवला आणि म्हणाला, "मनगट चांगलं हाय गो पोरी. जप त्याला. बाकी सगळं सरकार देतं, मनगट देत न्हाय."

कचेरी आमच्या बेटावरच्या, रोझ बेलजवळच्या एका साखर कारखान्याची. आमच्या खोलीत उसाच्या शेतांचे नकाशे तयार होत. कुठला तुकडा किती अर्पांचा, म्हणजे जवळजवळ किती एकरांचा, पाण्याचा पाट कुठून जातो, कुठल्या शेतात कुठल्या वर्षी लागवड झाली, हे सगळं सखाराममामा तीस वर्षं शाईच्या पेनानं काढत आले होते. मी टंकलेखन करायची आणि त्यांनी काढलेल्या नकाशांच्या याद्या ठेवायची. खोलीत आम्ही दोघंच मराठी. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी त्यांना मामा म्हणू लागले आणि त्यांनी मला हक्कानं रागवायला सुरुवात केली. बाकी सगळे त्यांना मिस्ये सखाराम, म्हणजे श्रीयुत सखाराम, म्हणत.

मामा बोलायला लागले की थांबत नसत. माएबूर्गहून सकाळच्या बसनं यायचे, ते दारातूनच बोलत आत यायचे. बसचा ड्रायव्हर कसा बसतो, त्याच्या पाठीचं पुढं काय होणार, बाजारातली कोळीण टोपली कुठल्या कडेवर घेते. मराठीत सुरू झालेलं वाक्य क्रेओलमध्ये, बेटावरच्या बोलीत, संपायचं आणि मधे कुठेतरी भोजपुरी शिवी येऊन जायची. कुणी घाई केली की तळहात खाली दाबून म्हणायचे, "दुस्मा, दुस्मा." म्हणजे जरा हळू, सबुरीनं. हा शब्द ते माणसांना म्हणत, दारांना म्हणत, आणि उकळत्या चहालाही म्हणत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या खोलीत संगणक आला. त्याच्याबरोबर माउस आला आणि मामांचे सबुरीचे दिवस संपले.

पोर्ट लुईहून आलेल्या तंत्रज्ञानं दाखवलं, हा असा टेबलावर फिरवायचा, की पडद्यावर बाण फिरतो. मामांनी विचारलं, "ह्याला म्हणतात काय?"

"माउस. उंदीर."

"लेरा?" मामांनी क्रेओलमध्ये खात्री करून घेतली. "म्हणजे तीस वर्षं ज्यांच्यापासनं नकाशे वाचवले, ते आता नकाशे काढणार?"

आम्ही ते हसण्यावारी नेलं, पण मामांचे हाल सुरू झाले. मामांच्या टेबलावर कागद, पट्ट्या, शाईच्या बाटल्या, चहाचा थर्मास आणि हे सगळं पुसायची तीन फडकी. त्यात उंदराला धावायला जागा कुठली? शेताची एक लांब कड काढायची तर माउस ढकलत ढकलत थर्मासपर्यंत जायचा आणि बाण अजून अर्ध्या शेतातच. मग मामा माउस उचलून परत मागे आणायचे, पुन्हा ढकलायचे. "ह्याला वस्तू न्हाय म्हणत," ते म्हणायचे. "वस्तू एका जागी बसते. हा लेरा हाय, ह्याला फिरायला मळा लागतो."

दोन महिन्यांत त्यांचं मनगट सुजलं. दवाखान्यात पट्टी बांधून आले आणि तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, दुखतंय म्हणून. पण कारण वेगळं होतं. मोठ्या साहेबांनी, म्हणजे मिस्ये आंद्रेंनी, त्यांना बोलावून गोडीत सांगितलं होतं, की हात साथ देत नसेल तर लवकर निवृत्त व्हा, नव्या यंत्रावर नवा माणूस घेऊ. मामांच्या निवृत्तीला चार वर्षं बाकी होती.

चौथ्या दिवशी मामा बोलले. त्या तंत्रज्ञाकडून त्यांनी परदेशी सामानाची एक चकचकीत यादी मिळवली होती. तिच्यातल्या एका चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "बग. उंदीर पाठीवर झोपलाय. पोट वर."

खरंच तसं होतं. माउसच्या पोटात जो गोळा असतो तो ह्याच्यात वर होता. यंत्र जागचं हलत नाही, आपण नुसता गोळा बोटांनी फिरवायचा. त्याला ट्रॅकबॉल म्हणतात. यादीत तो तीन प्रकारचा होता. एकात गोटीएवढा गोळा, अंगठ्यानं फिरवायचा. दुसऱ्यात मधल्या आकाराचा. तिसऱ्यात मधोमध चांगला मोठा गोळा, सगळ्या बोटांसाठी.

दुसऱ्या कुणी एक निवडून मागवला असता. मामांनी परीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी पिशवीतून एक लिची, एक लिंबू आणि एक पेरू आणला. प्रत्येक फळ एका वाटीत थोडं तेल घालून ठेवलं आणि प्रत्येकावर दोन दोन दिवस हात फिरवला. कामाच्या वेळेत, कोपर टेबलाला टेकवून, डोळे मिटून. मिस्ये आंद्रे एकदा दारात उभे राहून पाहत होते. मामा डोळे मिटून लिंबू गोंजारतायत हे पाहून ते काही न विचारता निघून गेले. मला वाटतं त्यांना निवृत्तीचा विषय आणखीच पटला असावा.

निकाल मामांनी मला ऐकवला. "लिची बाद. अंगठा एकच. तो दिवसभर राबणार आणि चार बोटं बसून बघणार? चार सरदार आणि एक मजूर! असा मळा चालतो काय? लिंबू बरं हाय, पर बोटं आखडतात. पेरू. पेरूवर हात कसा झोपतो बग."

पेरूच्या आकाराचा ट्रॅकबॉल मागवायला साहेबांची सही हवी होती. मामांनी एक अर्ज फ्रेंचमध्ये लिहवून घेतला. त्यात मनगट हा शब्द अकरा वेळा होता. साहेब म्हणाले, ठीक आहे, तीन महिने पाहू.

यंत्र आलं ते बंदरात अडकलं. जकातीचा माणूस हे खेळणं आहे म्हणत होता. मामा रजा काढून स्वतः गेले आणि त्याच्या टेबलावर अर्धा तास हात ठेवून दाखवत बसले. परत आले तेव्हा खोकं काखेत आणि चेहऱ्यावर समाधान. "सुटलं?" मी विचारलं. "सुटलं. पर त्या माणसाची खुर्ची लई उंच हाय. सांगून आलो."

आणि मग खुर्चीचं प्रकरण. गोळा चांगला असून भागत नाही, कोपर आणि यंत्र एका पातळीत हवं, असं मामांनी ठरवलं. काटकोनाचा गुण्या लावून माझ्यासकट सगळ्यांची कोपरं मोजली. एका सोमवारी येऊन पाहते तर त्यांच्या खुर्चीचे चारही पाय दोन बोटं कापलेले. रविवारी पहारेकऱ्याला गोड बोलून करवत घेऊन आत शिरले होते. आठवड्यानं मिस्ये आंद्रे नकाशा पाहायला त्याच खुर्चीवर बसले आणि अंदाजापेक्षा दोन बोटं खाली गेले. त्यांच्या तोंडून निघालेला शब्द मी इथे लिहीत नाही. मामा शांतपणे म्हणाले, "दुस्मा, मिस्ये."

पहिले पंधरा दिवस मामांचा बाण पडद्यावर माशीसारखा उडत होता. गोळा जरा जोरात फिरला की शेताची हद्द शेजारच्या गावात. मग हळूहळू त्यांना मर्म सापडलं. लांब जायचं तर गोळ्याला एक टिचकी द्यायची आणि सोडून द्यायचा, जवळ आलं की बोटांच्या टोकांनी थोपवायचा. मनगट मऊ टॉवेलाच्या घडीवर निजलेलं. खांद्याला काम नाही, कोपराला नाही. महिनाभरात सूज गेली आणि मामा दिवसाला दोन नकाशे पुरे करू लागले. तीन महिन्यांनी साहेबांनी आणखी एक ट्रॅकबॉल मागवला, स्वतःसाठी. निवृत्तीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

एकच खोड होती. ऊसकापणीच्या दिवसांत जळलेल्या पात्यांची काळी राख उडत खिडकीतून आत यायची आणि गोळ्याखाली जाऊन बसायची. मग बाण अडखळायचा. मामा कापसाच्या बोळ्यानं आतली चाकं पुसायचे. एकदा गोळा हातून निसटला आणि लोखंडी कपाटाखाली गेला. आम्ही चारजण जमिनीवर पालथे, इतक्यात साहेब दारात. "की पे आरिवे इसी?" इथे चाललंय काय? मामांनी कपाटाखालूनच उत्तर दिलं, "मिस्ये, काम थांबलंय. आम्ही ते शोधतोय."

त्यानंतर मामा दर शुक्रवारी गोळा रुमालात बांधून घरी न्यायचे आणि साबणानं धुऊन सोमवारी आणायचे. कचेरीत चेष्टा व्हायची, की मिस्ये सखाराम लेराला आंघोळ घालतात. कुणीतरी विचारलं, की घरी बायको काही म्हणत नाही का? मामा नुसते हसले. इतका बोलणारा माणूस, पण घराविषयी कधी बोलला नव्हता, हे मला तेव्हाही जाणवलं नाही.

एका गुरुवारी ते माझ्या टेबलाशी आले आणि नेहमीचा प्रश्न न विचारता उभे राहिले.

"शनिवारी दुपारी कचेरी बंद झाल्यावर थांबशील काय गो? साहेबांना विचारलंय मी."

"थांबीन. काय काम आहे, मामा?"

"मामीला आणायची हाय."

शनिवारी एक वाजता टॅक्सी आली. मामांनी आणि ड्रायव्हरनं मिळून मामींना खुर्चीत बसवून आत आणलं. पांढरे केस नीट विंचरलेले, कुंकू सरळ, पातळाच्या निऱ्या कुणीतरी फार मेहनतीनं, पण जरा चुकीच्या घातलेल्या. अर्धा चेहरा ओघळलेला. मला तेव्हा कळलं, की दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली होती. मान हलायची, पण कुठल्याही प्रश्नाला सारखीच हलायची. मुलगी फ्रान्सला. दिवसा शेजारीण बसायची, बाकी सगळं मामा करायचे.

"गोळा धुऊन हिच्या हातात दिला व्हता," मामा मला म्हणाले. "उगाच. धर जरा म्हणून. तर हिनं तो बोटांनी फिरवला. दंड उचलत न्हाय, मनगट वळत न्हाय, पर दोन बोटं जिती हायत. मी बघितलं."

त्यांनी संगणक सुरू केला. पडद्यावर नकाशा नव्हता. शेतांच्या हद्दी काढतात तशा रेघांनी दोन मोठ्या चौकटी काढल्या होत्या आणि त्यात रेघांचीच अक्षरं. डावीकडे 'हो', उजवीकडे 'नाही'. मामी लहानपणी गावच्या मराठी वर्गात शिकलेल्या होत्या, त्यांना वाचता येत होतं. मामांनी त्यांचा हात टॉवेलाच्या घडीवर ठेवला, बोटं गोळ्यावर लावली आणि शेजारी स्टुलावर बसले.

पहिली दहा मिनिटं बाण थरथरत एका जागी राहिला. मग पडद्याबाहेर गेला. मामांनी तो परत आणून दिला. पुन्हा गेला, पुन्हा आणला. मी मागे उभी होते.

"पार्वती," मामा म्हणाले, "सकाळची चाय बरी असते काय?"

बाण निघाला. हळूहळू, अडखळत, मधेच मागे येत तो उजवीकडे गेला आणि 'नाही'मध्ये शिरला.

मामा पडद्याकडे वाकले. "बरी न्हाय? गोड व्हते?"

बाण परत फिरला. 'हो'.

"दोन वर्षं?"

'हो'.

"अरे द्येवा," मामा म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन वर्षं तीन चमचे घालतोय. घरात कुणी उलटून बोलायलाच न्हाय. मी बोलतो, मीच ऐकतो. मी म्हणलं, बाईला गोड आवडत असेल."

मग त्यांनी धडाका लावला. खिडकी उघडी ठेवू काय? हो. शेजारीण चांगली हाय काय? नाही. मुलीच्या चिठ्ठ्या दोनदा वाचू? हो. हे निळं पातळ आवडतं? नाही. प्रत्येक 'नाही'ला मामा असे खूष होत होते, जणू कुणी शाबासकी दिली. मला आज वाटतं, हो-नाही एवढंच हवं होतं तर बोटानं टकटक करूनही जमलं असतं. पण ते कुणाला सुचलं नव्हतं. हे मामांना सुचलं होतं.

टॅक्सीवाल्यानं बाहेर हॉर्न वाजवला. मामा म्हणाले, "एकच." मी दाराकडे निघाले, पण खोली लहान, ऐकू आलंच.

"पार्वती, माज्यासंगं सुखात राहिलीस काय गो?"

मी वळून पाहिलं. बाण डावीकडे निघाला. थांबला. उजवीकडे आला. बराच वेळ इकडेतिकडे हिंडून शेवटी दोन चौकटींच्या मधोमध येऊन उभा राहिला. मामी गोळ्यावरून बोटं काढीनात, पण पुढेही सरकवीनात.

मामांनी पडद्याकडे पाहिलं, मग मामींकडे.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "मी बी हितंच थांबलो असतो."

मामींचा अर्धा चेहरा हसला. मामांनी वाकून त्यांच्या निऱ्या सारख्या केल्या आणि ड्रायव्हरला हाक मारली.