मथळा कुणी द्यायचा?

मर्गिलान गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या सोबिरजान मास्तरांच्या एके दिवशी मनात आलं, आपल्या एर्गशवर एक लेख लिहावा. एर्गश त्यांचा बालमित्र, लग्नात पुलाव करणारा आचारी. तिथे लग्नाचा पुलाव पहाटेच वाढतात; त्याच्या हातच्या पुलावासाठी लोक झोपेवर पाणी सोडत. लेख झकास उतरला. भरीला गंमत म्हणून मास्तरांनी लिहिलं, की उमेदवारीत या पठ्ठ्यानं सख्ख्या बहिणीच्या लग्नात पुलावातली गाजरं करपवली होती. (नसतं लिहिलं तर काय बिघडलं असतं? पण लेखकाचा हात खाजतोच.)

लेख छापलेलं गावचं साप्ताहिक आलं. वर ठळक मथळा : ‘बहिणीच्या लग्नात पुलाव करपवणारा आचारी!’

दुपारपर्यंत दोन लग्नघरांनी एर्गशला ‘राहू द्या’ म्हणून कळवलं.

मास्तर तरातरा संपादकाकडे गेले. “शेरझोद, मथळा देण्याआधी मला विचारायचं नाही?”

“मास्तर, तुमचा मथळा होता ‘माझा मित्र एर्गश’. कोण वाचणार?”

“आता तरी कोण वाचतंय? मथळा पाहून लोक थेट दुसऱ्या आचाऱ्याकडे पळाले!”

शेरझोद मास्तरांचाच विद्यार्थी. वरमला. “चुकलंच. पुढच्या अंकात खुलासा छापू. मजकूर तुमचा, मथळाही तुमचाच. काना-मात्रेला हात लावणार नाही.”

मास्तर मथळा घोळवत बसले. बायको मुकर्रम म्हणाली, “छापण्याआधी एर्गशभावजींना एकदा दाखवा तरी.”

“मथळा हा लेखकाचा हक्क आहे!” मास्तर कडाडले.

छापून आलं : ‘आचाऱ्याची माफी’.

मास्तरांना म्हणायचं होतं, आम्ही आचाऱ्याची माफी मागतो. गावानं वाचलं, आचाऱ्यानं माफी मागितली. म्हणजे करपवला होताच की! उरलीसुरली लग्नंही गेली.

मास्तर मान खाली घालून एर्गशच्या अंगणात शिरले. एर्गश पालथ्या कढईशेजारी बसला होता. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यानं चहा ओतला.

“एर्गश, वाटोळं केलं रे मी तुझं. आता लिहिणंच सोडतो.”

“सोडू नकोस. लेख छान होता, मी दोनदा वाचला.” एर्गशनं पेला पुढे सरकवला. “मथळा मात्र त्या शेरझोदलाच देऊ देत जा. त्याच्या मथळ्यानं दोनच लग्नं गेली होती.”